पुढची सीट

रविवार, ३ ऑगस्ट

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा गुडघा आता कुरकुरत नाही. तुझ्या धाकटीची परीक्षा संपली असेल. पाकीट बघून घाबरू नकोस, हल्ली पत्र आलं की लोकांना आधी वकीलच आठवतो. फोनवर बोलताना बाबा शेजारी बसलेले असतात आणि तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. पत्रात तुला मध्येच "अगं पण" म्हणता येणार नाही.

खोलीचं तुला माहीतच आहे. घरमालकीणबाईंच्या मुलाचं लग्न ठरलंय, महिनाअखेरीस मला बाहेर पडायचंय. तू म्हणतेस बाबांकडे जा. वरची खोली रिकामी, भाडं नाही, बाबांना सोबत, मग काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? सगळं पटतं. म्हणून तर ठरवलं, आधी थोडे दिवस बाबांकडे राहून कामावर ये-जा करून बघायची. ते चालू आहे.

दोन बस लागतात. पहिली आपल्या कोपऱ्यावरूनच सुटते, दुसरी मोठ्या पुलापाशी पकडायची. सकाळी निघते तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा झोपलेली असतात. संध्याकाळी घरी येऊन कुकर लावला की शिट्टी होईपर्यंत मी ओट्याला टेकून पेंगते. आमच्या लॅबमधलं काम तुला ठाऊक आहे. मेणात एकेक दात बसवायचा, हात जरा हलला की माणसाचा चेहरा बदलतो. गेल्या बुधवारी मी एका आजोबांच्या कवळीत डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला. सरांच्या नजरेस पडलं म्हणून निभावलं, नाहीतर आजोबा हसले असते आणि घरचे रडले असते.

लॅबच्या मागच्याच गल्लीत, लॉन्ड्रीच्या वर, दोन खोल्या रिकाम्या आहेत. बघून आले. एका भिंतीला कायम इस्त्रीची ऊब, खिडकी मात्र मोठी. भाडं ऐकल्यावर मी तिथल्या मालकीणबाईंना विचारलं, "हे महिन्याचंच सांगताय ना?" पगारातलं काही उरणारच नाही असं नाही, पण जे उरेल त्यात मी फक्त खिडकीतून बघत बसू शकेन. पुलाजवळही एक खोली पाहिली. ती लॅबपासूनही लांब आणि बाबांपासूनही लांब. धड ना इकडे, धड ना तिकडे.

हे सगळं खरं आहे, पण हे लिहायला मी बसले नव्हते.

पहिल्या दिवशी बाबा माझ्याआधी तयार. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. म्हणाले, "बस कुठे बदलायची ते दाखवतो. उभा जन्म त्या रस्त्यावर गाडी चालवलीय मी." अगदी पुढची सीट पकडली आणि वाटभर ड्रायव्हरचे वाभाडे काढले. "बघ, बघ, क्लच कसा दाबतोय, पायाखाली झुरळ सापडल्यासारखा!" मला लॅबच्या दारात सोडलं आणि "जातो मी घरी" म्हणाले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्याही. संध्याकाळी सुटले की दारात हजर. मला वाटलं, न्यायला येतात. म्हटलं, "बाबा, एवढी दगदग कशाला?" तर म्हणाले, "बसून बसून गंज चढतो." मी तुला फोनवर सांगितलं, बाबा मला रोज शाळेत सोडतात, आणि तू किती हसलीस.

शुक्रवारी समोरच्या दवाखान्याचा वॉचमन म्हणाला, "ताई, तुमच्या वडिलांना आत पंख्याखाली बसायला सांगा की. दिवसभर त्या बाकावर ऊन असतं."

"दिवसभर?"

"रोजच बसतात. दुपारी माझ्याबरोबर बिस्किटं खातात. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे की," मी म्हटलं. लाजेपोटी खोटं बोलले.

ताई, बाबा घरी जातच नाहीत. सकाळी मला सोडतात आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहतात. आणि खरं सांगू, पहिला विचार बाबांचा नव्हता. पहिला विचार आला, संपलं, आता मी अडकले. दुसरा विचार आला तुझा, की तू तिकडे लांब सुखात आहेस. रागच आला तुझा. आता ओसरला, तरी सांगून टाकते.

बाबांना अजून विचारलेलं नाही. विचारलं की ते खरं होईल.

मंगळवार

पत्र टाकायचं राहूनच गेलं. बरं झालं.

काल येताना बस खचाखच भरलेली. आम्ही मागे उभे. बाबांनी माझ्या ड्रेसची बाही मुठीत धरली होती. रोजच धरतात, मला वाटायचं तोल जातो. हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही दुपारी घरी का जात नाही?"

खिडकीकडे बघत ते म्हणाले, "सकाळी पुढे बसायला मिळतं. रस्ता समोरून येतो, तो मला पाठ आहे. परतीची गाडी भरून येते. मागे उभं राहिलं की नुसती दुकानं पळतात बाजूने. पहिल्या दिवशी उतरलो कुठेतरी. कुठे ते कळेना."

"मग कुणाला विचारायचं नाही का?"

"ड्रायव्हर माणूस मी. रस्ता विचारू?"

"मग काय केलंत?"

"तुझ्या लॅबकडे जाणारी गाडी दिसली. तिच्यात चढलो. तिथे तू होतीस."

सगळी बस ऐकत होती की नाही, कोण जाणे. मला रडू आवरेना.

हे फक्त सीटचं आहे की आणखी काही, ते शनिवारी डॉक्टर सांगतील, वेळ घेतली आहे. मला फार भीती वाटते. त्यांना आपल्या घरातून हलवावं, तर तिथे अंधारातही त्यांचा हात बरोबर बटणावर जातो. नव्या खोलीत दार कुठलं आणि कपाट कुठलं, हे तरी कळेल का? मी त्यांच्याकडेच राहावं, तर दिवसभर ते एकटे, नाहीतर बाकावर. दोन्हीकडून मला झोप नाही.

शेवटी रात्री जेवताना त्यांना लॉन्ड्रीवरच्या खोल्यांचं सांगितलं. त्यांनी भाडं विचारलं नाही, किती खोल्या तेही नाही. एवढंच विचारलं, "तिथून तुझी लॅब?"

"गल्ली ओलांडली की आलीच. दुपारी जेवायला मी घरीच येईन."

"म्हणजे बस नाही?"

"नाही."

त्यांनी घास खाली ठेवला. "बरं होईल मग," म्हणाले. ज्या माणसाने आपल्याला बसच्या हॉर्नवर लहानाचं मोठं केलं, त्याने हे म्हटलं, ताई.

तेव्हा आता माझं मागणं. आपलं घर भाड्याने द्यायचं आणि त्यात या खोल्यांचं भाडं भागवायचं. मला कळतंय मी काय मागते आहे. ते तुझं माहेर आहे. उन्हाळ्यात मुलांना घेऊन तू येशील तेव्हा तुला दोन खोल्यांत, इस्त्रीच्या उबेत झोपावं लागेल. वरच्या खोलीतला तुझा आरसा मी नेईन, बाकी फारसं काही मावणार नाही. पण तुझ्या होकाराशिवाय मी कुलूप लावणार नाही, आणि महिनाअखेर काही फार लांब नाही.

हो म्हणायचं असेल तर फोन कर. नाही म्हणायचं असेल तर फोन करू नकोस, ये. एकदा बाबांबरोबर परतीच्या बसमध्ये मागे उभी राहा, त्यांना तुझी बाही धरू दे, आणि मग नाही म्हण.

वाट बघणारी,
तुझी शेपूट