जाहिरातीतला 'हू' नक्की कुणाचा?

चेन्नई,
कोजागरीनंतरचा रविवार, २००५

तीर्थरूप ताईस,

धाकट्या वसंताचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत हे आधी विचारून घेतो, कारण पुढचा मजकूर वाचताना तू ताडकन उठशील आणि एकदम उठायला तुला डॉक्टरांनी मनाई केली आहे. तेव्हा बसूनच वाच. मेहुण्यांना नमस्कार सांग. त्यांचा खोकला (म्हणजे तपकीर, पण तू खोकलाच म्हणतेस) कमी असेल अशी आशा करतो. इकडे मी बरा आहे. ऊर्मीही मजेत आहे. सकाळी कंपनीच्या बसने सिरुसेरीला जाते ती अंधार पडल्यावर उगवते. मधल्या वेळात तिथे काय करते ते तिने मला अनेकदा समजावलं आणि मी दर वेळी मान डोलावली.

आपल्या दत्ताजीने (एवढी वर्षं मद्रासेत काढून या माणसाला इथल्या लोकांचा मितभाषीपणा काही लागला नाही) तुला मिरजेला वर्तमानपत्राचं कात्रण धाडलं आणि 'वसंता या वयात बोहल्यावर चढतोय' असं कळवलं, हे तुझ्या परवाच्या फोनवरून समजलं. तू मला बोलू न देता फोन आपटलास, म्हणून हे पत्र. ताई, मी जाहिरात दिली ती ऊर्मीसाठी. जे झालं तो निव्वळ इंग्रजी व्याकरणाचा घोटाळा आहे.

ऊर्मीचं कधी, ऊर्मीचं कधी, असा धोशा तूच लावला होतास. म्हणून मी बसून जाहिरात लिहिली. रेल्वेच्या हिशेब खात्यात उभा जन्म इंग्रजीत गेला असला, तरी तिथे डब्यांचं आणि स्लीपरांचं वर्णन करायचं असतं, मुलीचं नाही. तरी मी मोठ्या हौसेने लांबलचक मजकूर केला. वर्तमानपत्राच्या कचेरीत खिडकीवरचा माणूस म्हणाला, फार लांब आहे, चौकटीत मावणार नाही. मागे रांग. मी तिथल्या तिथे पेन्सिलीने सपासप छाटलं आणि उरलं ते असं: 'डॉटर ऑफ महाराष्ट्रीयन विडोअर हू इज स्लिम, सॉफ्ट-स्पोकन, सिंग्ज वेल अँड सीक्स लाइफ पार्टनर.' माझ्या मनात सगळं स्वच्छ होतं. सडपातळ ती ऊर्मी, मृदुभाषी ती ऊर्मी (इथे थोडं पदरचं घातलं होतं), गाते ती ऊर्मी. मी फक्त विधुर होतो, आणि तोसुद्धा ओळख म्हणून.

जाहिरात छापून आली त्या रविवारी सकाळपासून फोन सुरू झाले. पहिल्याच बाईंनी विचारलं, सडपातळ म्हणजे साखरेमुळे का? मी म्हटलं, छे, जन्मापासून. दात? म्हटलं, सगळे स्वतःचे. मला वाटलं, इकडे मुलीची चौकशी जरा बारकाईने करतात. बाई इंग्रजीत सारखं 'ही', 'ही' म्हणत होत्या. आता आपल्या मराठी कानाला ही म्हणजे मुलगीच की! घोरण्यापर्यंत मी सगळ्याची उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, माझी थोरली बहीण टेलिफोन खात्यातून नुकतीच निवृत्त झाली आहे, तिला असाच शांत माणूस हवा आहे. मी रिसीव्हर ठेवला तो दोन्ही हातांनी. पुढचे फोन ऊर्मीने घेतले. एका गृहस्थांना माझं पेन्शन पुढे पत्नीला मिळेल का ते हवं होतं, एका बाईंना मी कुठला राग गातो ते. (ताई, मी अंघोळीच्या वेळी जे म्हणतो त्याला राग म्हणत असतील तर शेजाऱ्यांना विचारावं लागेल, कुणाला येतो ते.) ऊर्मी फोनवर हात ठेवून हसत होती. इतकी हसताना मी तिला तिची आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

दुपारी आलेला फोन मात्र मी घेतला. पलीकडून चक्क मराठी, पण कशी? पोथीतली वाटावी अशी, आणि सूर तमिळ, वाक्याच्या शेवटी वर चढणारा.

"मी लग्नासाठीं बोलत नाहीं," बाई म्हणाल्या. "तुमचें वाक्य वाचलें. सकाळपासून मला चैन नाहीं. तुम्हांस मुलीचें लग्न करायचें आहे ना?"

"हो!" मी ओरडलोच.

"मग तुम्ही मध्यें कशाला येऊन बसलांत?"

या कनकाबाई. घराणं तंजावरचं मराठी, पिढ्यान् पिढ्या इकडेच. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. आईच्या आजारपणात लग्न राहिलं, आता आईही नाहीत. ऊर्मीच्या आग्रहावरून मी त्यांना एग्मोरला एका हॉटेलात भेटलो, जाहिरात दुरुस्त करायला. त्यांनी कॉफी येण्याआधीच समजावलं. आपण मराठीत 'जी सडपातळ आहे ती मुलगी' म्हणतो. जी म्हटलं की बाई, जो म्हटलं की पुरुष, आणि पुढे ती किंवा तो येऊन गाठ मारून जातात. चुकायला वाव नाही. इंग्रजी 'हू'ला ना लिंग ना वचन. वाचणारा त्याला जवळच्या नामाला बांधून मोकळा होतो. माझ्या वाक्यात जवळचं नाम विडोअर. बरं, 'हू'च्या मागून आलेली सगळी क्रियापदंही त्याच्याच पदरात पडली आणि बिचारी डॉटर वाक्याच्या सुरुवातीला नुसती उभी राहिली, तिला करायला काही उरलंच नाही. "मुलगी आधीं ठेवा, तिच्या अगदीं शेजारीं हू ठेवा, बापाला दुसऱ्या वाक्यांत घाला," असं म्हणून त्यांनी कागदी रुमालावर सुंदर अक्षरात मजकूर लिहून दिला.

तो मी घरी आणला. ऊर्मीने वाचला आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, हे छापायचं नाही. माझं मी ठरवीन, आणि ठरलं की आत्याला सगळ्यांत आधी सांगीन. तुम्ही मात्र कनकाबाईंना परत भेटा. आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी सोडून कुणाशी दहा वाक्यं बोलला आहात?"

मग मी गॅसवाल्याला पाठवायचं तक्रारीचं पत्र त्यांना दाखवायला नेलं. त्यात 'डिलिव्हरी मॅनचं सिलिंडर जे गळतं' असं लिहायचं होतं, ते 'हू' लागून डिलिव्हरी मॅनच गळू लागला होता. त्या हसल्या. पुढल्या खेपेला सोसायटीची सूचना नेली, त्याच्या पुढल्या खेपेला बँकेचा अर्ज. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वसंतराव, इतकें कुणी चुकत नाहीं. तुम्ही मुद्दाम चुकतां."

"सगळं नाही," मी म्हटलं. "गॅसचं खरंच चुकलं होतं."

त्यांचे भाऊ सेतुमाधव यांनी मला जेवायला बोलावलं होतं. सांबारात चिंच किती असावी यावर आमचे मतभेद झाले आणि ते मिटले नाहीत, पण निघताना त्यांनी माझ्या चपला स्वतः सरळ करून ठेवल्या.

तर असा हा सारा व्याकरणाचा मामला आहे. दत्ताजीचं काही मनावर घेऊ नकोस. प्रकृतीला जप.

तुझा,
वसंता

ता. क. व्याकरणाचा मामला आहे असं वर लिहिलं, ते सुरुवातीपुरतं खरं आहे.

ता. क. दुसरा. आम्ही मार्गशीर्षात रजिस्टर लग्न करावं म्हणतो. आई गेल्यावर मला तू वाढवलंस. तू नसलीस तर मला ते लग्न वाटणार नाही. ऊर्मी तुमची तिकिटं काढायला टपून बसली आहे. एका शब्दाने कळव. रागावली असलीस तरी कळव.

ता. क. तिसरा. कनका समोरच बसली आहे. तिला आपली अक्षरं वाचता येतात, लिहिताना हात अडतो, म्हणून ती सांगते तसं उतरवतो: "ताई, तुम्ही नको म्हणालांत तर मी रागावणार नाहीं. पण तेवढें म्हणायला तरी इथें या. मी स्टेशनावर न्यायला येतें."