चाक पहिल्या रेघेवर

आश्रमशाळा, ता. किनवट
४ ऑगस्ट २०२४

ती. अप्पांस,
रुद्राणीचा सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी जेवलात का असं विचारलं आणि तुम्ही पाऊस बरा झाल्याचं सांगितलंत. कानाचं यंत्र अजून डबीतच आहे, हे त्यावरून कळलं. म्हणून हे पत्र.

गॅरेजला कुलूप लावल्यापासून तुम्ही कुणाशी चार शब्द बोलत नाही, असं शेजारच्या गुंडप्पाकाकांनी कळवलंय. अव्वा होती तोवर ती तुमच्या वाटचंही बोलायची. आता ती नाही, आणि मी, तुमची लेक, इतक्या लांब. मला फार काळजी वाटते.

वसतिगृहात मुली ऐंशी आणि अधीक्षिका मी एकटी. तुमची जुनी मोटारसायकल बाजाराला पळते, पण आठ दिवसांपासून चेन खडखडते. ॲक्सिलेटर दिला की गाडी आधी हिसका देते, मग निघते. काय करू ते सविस्तर लिहा. मिस्त्रीला दाखव, एवढ्या एका ओळीवर माझी बोळवण करू नका.

माया आहेच, ती जरा कागदावरही उतरू द्या.
तुमची रुद्राणी

उदगीर
१० ऑगस्ट २०२४

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

यंत्र डबीतच आहे. घातलं की भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतो आणि माणसाचा बाहेरच राहतो. तीस वर्षं नुसत्या आवाजावरून गाडीचा रोग सांगितला. आता गिऱ्हाइकाला दोनदा विचारावं लागतं, लोक हसतात. म्हणून कुलूप. यावर पुन्हा लिहू नकोस.

आता चेन. गाडी डबल स्टँडवर घे, न्यूट्रल कर, इंजिन बंद. चालू इंजिनात हात घालशील तर बोट गमावशील. खालची चेन मधोमध बोटानं वरखाली कर. दीड बोट हलली तर ठीक, तीन हलली तर सैल. चाक फिरवून चार ठिकाणी बघ. कुठं ताठ, कुठं ढिली असेल तर झिजली. मग मागच्या चक्रीवर चेन मागं ओढून बघ. अर्धा दाता उघडा पडला तर तिचे दिवस भरले. नवी टाकशील तर दोन्ही चक्र्यांसकट टाक, नाहीतर जुने दाते नव्या चेनला खातात. चाकाच्या दांड्यावर रेघा कोरलेल्या आहेत. चाक कितव्या रेघेवर आहे, तेही कळव.

बऱ्याच दिवसांनी एवढं लिहिलं. हात दुखला, पण लई बरं वाटलं.
आशीर्वाद पाठीशी आहेतच.
अप्पा

आश्रमशाळा, ता. किनवट
१८ ऑगस्ट २०२४

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पत्राखाली काढलेलं चक्रीचं चित्र मुलींनी सूर्यफूल समजून भिंतीवर लावलंय! सांगितलंत तसं सगळं बघितलं. चेन तीन बोटं हलते, अर्ध्याहून जास्त दाता दिसतो. चाक दोन्ही बाजूंना पहिल्या रेघेवर आहे.

तेल किती दिवसांनी द्यायचं? आतल्या बाजूनं की बाहेरच्या? रॉकेलनं धुतलेलं चालेल का? सगळं एकदम नका लिहू. एकेका पत्रात एकेक सांगा, म्हणजे माझ्या डोक्यात राहील.

राग न धरता उत्तर द्या, आणि लवकर द्या.
तुमची रुद्राणी

उदगीर
२२ सप्टेंबर २०२४

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

दीड महिन्यात तुझी पाच पत्रं आली आणि प्रत्येकात चेनचं एक नवं दुखणं. मी प्रत्येकावर औषध लिहिलं. आता ऐक. झिजलेली चेन लांबते. तिला ताण द्यायला चाक मागं घ्यावं लागतं, रेघेमागून रेघ. तुला गाडी दिली तेव्हाच चाक चौथ्या रेघेवर होतं. ते पहिल्या रेघेवर आलं म्हणजे चेन नवी आहे. तुझ्या दुसऱ्या पत्रातच मला हे कळलं.

तरी मी लिहीत राहिलो. आपल्याला कुणीतरी काही विचारलंय, एवढ्यावर माझा दिवस निघायचा. म्हाताऱ्याचं मन रमावं म्हणून तू हे केलंस. राग नाही. पण तुला ऐंशी लेकरं सांभाळायची आहेत. माझ्यापायी आता वेळ घालवू नकोस. मी ठीक आहे.

सुखी राहा.
अप्पा

आश्रमशाळा, ता. किनवट
३० सप्टेंबर २०२४

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

चेन तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी बदलली. पकडलंत मला. पण अप्पा, तुमचं निदान अर्धंच बरोबर आहे.

पहिलं खोटं तुमच्यासाठी लिहिलं. पुढची सगळी माझ्यासाठी. इथे दिवसभर प्रत्येकीला माझ्याकडून काही ना काही हवं असतं, पण बाई, तुम्ही कशा आहात, असं कुणी विचारत नाही. मुली प्रार्थनेला बसल्या की मी ओट्यावर बसून तुमची पत्रं वाचते. चेनचं विचारलं की तुम्ही दोन पानं लिहिता. दुसरं काय विचारलं म्हणजे लिहाल, ते मला माहीत नव्हतं. आपलं दोघांचं बोलणं नेहमी अव्वाच्या मार्फत झालं.

मला इथे फार एकटं वाटतं, अप्पा. पत्रं बंद करू नका.
तुमची रुद्राणी

उदगीर
६ ऑक्टोबर २०२४

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

निदान चुकलं, कबूल.

दसऱ्याला गाडीची पूजा करायला येतोय. गुंडप्पा नांदेडपर्यंत सोबत आहे, पुढं किनवटच्या रेल्वेत बसवून देईल. तू स्टेशनवर गाडी घेऊन ये, मी मागं बसतो. चेन कशी चालते ते तळपायालाही कळतं, हे परवा गुंडप्पाच्या गाडीवर बसल्यावर ध्यानात आलं. त्याची सैल आहे.

यंत्र घालून येतो. रस्त्यात बोलू नकोस, वाऱ्यात मला कळणार नाही. तुझ्या त्या ओट्यावर बसू, मग बोल. नाही ऐकू आलं तर दोनदा विचारीन.

अप्पा