अरिन्पेच्या वेण्या

लागोस, ३ फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप अदुनोलाताईस,

दोन्ही गुडघे टेकून येजिदेचा सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच. फेहिंतोलाबाईंच्या ‘नदीपोटातली नगरी’ या कादंबरीचा पहिला भाग पडद्यावर येतोय, हे तुला माझ्याआधी कळलं असणारच. बाई शिंकल्या तरी तुमच्या वाचकमंडळाला पत्ता लागतो. पण त्यातल्या नायिकेचं, अरिन्पेचं, काम करणाऱ्या मुलीच्या वेण्या मी घालणार आहे, हे काही तुला कळलेलं नसेल. माझ्या दुकानात एक बाई दोनदा वेण्या घालून गेली. ती दिग्दर्शकाची मेव्हणी निघाली.

अडचण एकच आहे. अरिन्पे पहिल्यांदा नदीतून वर येते तेव्हा तिच्या वेण्या कशा असतात? पटकथेत नुसतं ‘केस गुंफलेले’ म्हटलंय. सेटवरची एकुलती प्रत कुणा भक्ताने पळवली, आणि बाजारातून ते पुस्तक नाहीसं होऊन वीस वर्षं झाली. बाई स्वतः चित्रीकरण बघायला येणार आहेत. दिग्दर्शकाने बजावलंय की पुस्तकाबाहेर एक केस गेला तर वेणीवालीला पहिल्या बसने घरी धाडीन.

आपली प्रत तुझ्याकडे आहे. आई तुझ्या वेण्या घालायची, तू स्टुलावर बसून मोठ्याने वाचायचीस आणि मी कंगवा धरून उभी असायचे. गोष्ट मला पाठ आहे, पण त्या पानाच्या वेळी माझं लक्ष बहुधा आईच्या बोटांकडे होतं.

उलट टपाली लिही. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
येजिदे

&nbsp;

इबादान, १२ फेब्रुवारी

चि. येजिदेस,

अ. उ. आशीर्वाद. त्यातला एखादा कमी भरल्यास दोष टपालखात्याचा समजावा.

तुझं पत्र शनिवारी मंडळात वाचून दाखवलं. अकरा सभासदांनी अकरा प्रकारे आनंद लपवला. रेल्वेतून निवृत्त झालेले ओयेवोलेबाबा म्हणाले, की सात भागांची पारायणं आम्ही करायची आणि दर्शनाचं बोलावणं मात्र कंगव्याला. मी त्यांना दटावलं. दटावताना आवाज फारसा चढला नाही, हे मान्य करते.

पहिल्या खेळाला सर्वांनी निळीत रंगवलेल्या एकाच कापडाचे कपडे शिवावेत, असं ठरलं आहे. तुझ्यासाठीही त्यातलं कापड घ्यावं की काय, यावर रीतसर मतदान झालं. पाच विरुद्ध सहा मतांनी तुझा पराभव झाला. माझं मत गुप्त आहे.

अथ प्रश्नोत्तर. अरिन्पेच्या डोक्यावर शूकू आहे: सगळ्या वेण्या वर चढवून माथ्यावर टोपलीसारख्या बांधलेल्या. पृष्ठ एक्केचाळीस. पूर्वी राजाच्या बायकाच घालत ती वेणी कुमारिकेच्या डोक्यावर कशी, असा प्रश्न तुला पडेल. पडू दे. भाष्यकाराला शंका विचारू नये, असा आमच्या मंडळाचा संकेत आहे आणि तो मीच घालून दिला आहे. प्रत पाठवत नाही. ती जीर्ण आहे, आणि तुझ्या हातांना सदैव तेल असतं. तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून तुला गत्यंतर नाही.

वेळेवर जेवत जा. लोभ आहे तेवढा आहे.

तुझी ताई,
अदुनोला

&nbsp;

एपे, २ मार्च

ती. ताईस,

यावेळी गुडघेच नव्हे, कपाळही टेकवून नमस्कार.

चित्रीकरण इथे खाडीवर चाललंय. काल बाई आल्या. हातात काठी, अंगाने एवढ्याशा, माझ्या खांद्याला लागतील. मुलगी पाण्यातून वर आली, माथ्यावर माझी शूकू. राण्यांची वेणी पोरीच्या डोक्यावर बघून दिग्दर्शकाचं तोंड सकाळपासूनच कडू झालं होतं, पण ताडून बघायला पुस्तक नव्हतं. बाईंनी काठी वर केली आणि सगळं थांबवलं. मी गुपचूप कंगवे पिशवीत भरायला घेतले. म्हटलं, चला, बस पकडा.

बाईंनी विचारलं, ही वेणी कुणी सांगितली. मी म्हटलं, माझ्या थोरल्या बहिणीने, इबादानला शाळेत शिकवते. त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, की हाताने लिहिलेल्या पहिल्या खर्ड्यात शूकूच होती. अरिन्पे पहिल्या पानापासून नदीच्या राजाची बायकोच आहे. पण ते रहस्य सातव्या भागापर्यंत टिकायला हवं, म्हणून छापायला देताना त्यांनी वेण्या खाली मानेवर उतरवल्या, साध्या पोरीबाळींच्या कोलेसे केल्या. हे त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मग इबादानच्या मास्तरणीला कळलं कसं?

ताई, म्हणजे पुस्तकात कोलेसे छापलंय आणि तू छापलेलं ओलांडून खरं वाचलंस. मी सगळ्यांदेखत रडले. दिग्दर्शकाने मला कोकाकोला पाजला.

बाई शनिवारी, १६ मार्चला, तुमच्या मंडळात येणार आहेत. तू हे कसं ओळखलंस ते त्यांना तुझ्याच तोंडून ऐकायचंय. बाईंना वाढायच्या अमालाची कणीक चांगली घोट.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
येजिदे

&nbsp;

इबादान, ६ मार्च

चि. येजिदेस,

आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही. ते तू गृहीत धर.

तुझं पत्र मंडळात वाचलं नाही. पृष्ठ एक्केचाळीसवर कोलेसे आहे. ती ओळ मी शंभरदा वाचली असेन आणि तिच्यापलीकडे मला कधीही काहीही दिसलेलं नाही. मी तुला खोटं सांगितलं, येजिदे. पहिल्या बसने तू घरी परतावीस, म्हणून सांगितलं. कापडाच्या मतदानातलं सहावं मतही माझंच होतं.

वीस वर्षं मी मंडळात दर शनिवारी बाईंसाठी एक खुर्ची रिकामी ठेवते. वर्षातून दोन पत्रं लिहिते. उत्तर एकाचंही आलं नाही. आणि तू, जिने ते पुस्तक ऐकलं तेही कंगवा धरून, माझ्या कृपेने, ती तू त्यांच्या नायिकेच्या डोक्याला हात लावणार. हे मला गिळता आलं नाही.

आता ती खुर्ची भरणार, आणि समोर बसून मी भाष्य सांगायचं. दोन दिवस खपून मी ते रचलंसुद्धा. तीन अंतर्गत पुरावे, एक पाठभेद, वर थोडा विनय. फार सुरेख जमलं होतं. बाईंनी नक्की मान डोलावली असती. मग लक्षात आलं, की तू सगळ्यांदेखत माझं नाव घेतलंस. स्वतःचं घेतलं असतंस तर कुणाला कळणार होतं? भाष्य फाडलं.

सोबत बाईंच्या नावाचं पत्र आहे. त्यात हे सर्व आहे. पाकीट उघडंच ठेवलं आहे. वाच आणि त्यांच्या हाती दे. त्या आल्या नाहीत तर मंडळाला काय सांगायचं, ते मी बघेन.

लोभ मागायचा अधिकार मी राखलेला नाही.

अदुनोला

&nbsp;

एपे, १२ मार्च

ताईस,

नमस्कार, उभ्यानेच.

तीन दिवस मी तुझ्याशी बोलत नव्हते. तू इबादानला असल्यामुळे तुला ते कळलं नसेल. चौथ्या दिवशी बाईंना पत्र दिलं.

त्यांनी दोनदा वाचलं आणि ठसका लागेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, कौतुक करणारे पुष्कळ भेटले, पण मीच फसेन असं खोटं रचण्याइतकं माझं पुस्तक याआधी कुणी अंगात मुरवलं नव्हतं. त्या शनिवारी येतायत. तू किती वर्षांची, काय शिकवतेस, मिरची किती खातेस, सगळं विचारून झालं.

आता माझं ऐक. त्या पोरीच्या वेण्या मी रोज चार तास घालते. बाई अकरा दिवस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आहेत. माझं नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही. मला ‘मास्तरणीची बहीण’ म्हणतात. मंडळाने माझं कापड नाकारलं तेव्हा मी हसले होते. हे मात्र मला हसण्यावारी नेता आलं नाही.

म्हणून काल त्यांनी जेव्हा विचारलं, की ताईला सातांपैकी कुठला भाग सगळ्यांत आवडतो, तेव्हा मी खोटंच ठोकून दिलं, की सहा भाग तिला पाठ आहेत, पण सातवा तिच्या मते लिहायलाच नको होता. बाईंचं हसणं थांबलं. त्यांनी वही मागवली आणि त्यात काहीतरी लिहून घेतलं.

शनिवारी त्या त्याबद्दल विचारतील. मी दाराशी उभी राहून ऐकणार आहे.

लोभाचं त्यानंतर बघू.

येजिदे