दोन शेळ्या आणि उघडं दार

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही ठीक. परवा राख भिजवून, तिचं पाणी तेलात आटवून साबण केला. हाताला भाजलं, पण वड्या पडल्या. एक तुला पाठवतेय. ऑफिसात शिपायाकडून पेन्सिलीला टोक करून घेणारे हे, आता विकत घेणं हा आजार आहे म्हणतात. मी चीज करते, पाव भाजते, शेळ्यांची धार काढते. ती मात्र दोन्ही वेळा मीच. ह्यांना त्या जवळ उभं करत नाहीत. कोणावर अवलंबून राहायचं नाही म्हणून शहर सोडलं आणि आता दोन शेळ्या माझ्यावर अवलंबून. त्यामुळे आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला येणं जमेलसं वाटत नाही. रागावू नकोस.

तुझी,
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

साबण पोचला. वास शेळीचा आहे, पण मळ निघतो. आईने दुसऱ्यांदा तारीख पुढे ढकलली. धाकटी आल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही म्हणते. वीस तारीख चुकली तर डावा डोळा गेला म्हणून समजा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तुला खोकला झालाय, अशी थाप मी मारली. आता पुढची सुचत नाही. खरं काय ते लिही. येता येत नाही, की येऊ देत नाहीत?

तुझी,
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न मी ह्यांनाच विचारला. जा की, तुला कोणी बांधून ठेवलंय, म्हणाले. फक्त धारेचं काय ते बघ. नेहमी असंच असतं गं. दार उघडं असतं आणि पाऊल निघत नाही. मग चार दिवस मी ह्यांना शेळीखाली बसवलं. तीनदा भांडं लवंडलं, एकदा लाथ बसली. आज अर्धा लिटर दूध निघालं. लहान मुलासारखे नाचले. मला वाटलं, सुटले. तर म्हणाले, आता दोघांना येतंय, आणखी चार शेळ्या घेऊ.

मी हात धुतले आणि पिशवी भरली. परत कधी येणार, असं त्यांनी विचारलं. मला ठाऊक नाही, असं खरं तेच सांगितलं. हे पत्र स्टँडवरच्या पेटीत टाकतेय. कदाचित मीच आधी पोचेन. आईला सांग, खोकला बरा झाला.

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
धाकटी