समितीला उत्तर देण्यापूर्वी

प्रिय मुंगी,

ज्याच्या दयेला काठ नाही आणि ज्याच्यापासून मनातले काहीही झाकून ठेवता येत नाही, त्या पालनहाराचे नाव आधी घेतो आणि मग लेखणी कागदावर टेकवतो. तू, जावईबापू आणि मुले खुशाल असाल, अशी दुआ रोज करतोच. माझे बरे चालले आहे. एक दात कमी झाला. शिकवताना काही अक्षरे शिट्टी वाजवीत बाहेर पडतात आणि विद्यार्थी मान खाली घालून हसतात.

स्त्रियांनी चेहरा झाकण्यावर बंदी यावी, असे तू वर्तमानपत्राला लिहिलेले पत्र वाचले. शिंप्याने कात्रण घरी आणून दिले. म्हणाला, “मौलवीसाहेब, लेक तुमच्यावरच गेली आहे. फक्त ती थोडक्यात आटपते.” तुझ्या चष्म्याच्या दुकानातला प्रसंग मी दोनदा वाचला. डोळे तपासायला आलेली ती बुरख्यातली बाई, तू विचारतेस खालची ओळ दिसते का, आणि उत्तर देतो तिचा नवरा, “दिसते तिला.” त्यावर त्याला बाहेर बसायला लावताना तू विचारलेस, “डोळे तुमचे तपासायचे आहेत की यांचे?” हे वाचून मला अभिमान वाटला, हे लपवीत नाही. त्याच पत्रात पुढे माझ्या जुन्या पुस्तिकेतला दाखला तू दिला आहेस: नजर आवरण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना नंतर. दाखला अचूक आहे.

आता अशा बंदीचा कायदा करावा का, हे ठरवायला सरकारने नेमलेल्या समितीने मलाही बोलावले आहे. त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: चेहरा झाकणे धर्माने बंधनकारक आहे काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि चाळीस वर्षे मी तेच शिकवीत आलो. आम्हा जुन्या लोकांचा शिरस्ता तुला ठाऊक आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याहूनही जोमाने मांडायचे, आणि मगच आपला निर्णय द्यायचा. त्याप्रमाणे प्रतिपक्षाची तीन पाने लिहून झाली. निर्णयाचे एक वाक्य मात्र आठ दिवस झाले तरी उतरत नाही.

कारण सांगतो. गेल्या आठवड्यात मशिदीत या कायद्यावर बैठक झाली. मी सगळे आधार क्रमाने सांगितले आणि शेवटी, नेहमीप्रमाणे, आमच्याच घराचे उदाहरण दिले. तेव्हा स्त्रिया बसल्या होत्या तिकडून शिंप्याची बायको उठली. तुझ्या आईची ही मैत्रीण चार लोकांत कधी बोलत नाही. म्हणाली, “आधार असतील तुमच्याकडे. कायदा झाला तर मी घराबाहेर पडणार नाही, एवढे मला कळते. ते कसे असते, हे तुमच्या घरात विचारायचे होते.” मी म्हणालो, “भाभी, मुंगीची आई जाऊन चार वर्षे झाली.” तिने उत्तर दिले, “तेव्हा विचारायचे होते.” आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारी गेलो, तर चहा पुढे ठेवून ती आत निघून गेली.

तुझी आई या घरात आली ती चेहरा झाकूनच. माझे शिक्षण तेव्हा नुकतेच पुरे झाले होते आणि विद्या अंगात मावत नव्हती. सलग तीन संध्याकाळी मी तिला चार ग्रंथ उघडून समजावले. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तुम्ही शिकलेले. बरोबरच असेल.” दुसऱ्या दिवसापासून तिने चेहरा उघडा ठेवला. मी ते जगाला सांगत सुटलो.

त्याआधी ती बाजारात एकटी जायची. बुरख्यातून तिचा आवाज आला की भाजीवाला निमूटपणे भाव खाली आणी. म्हणे, ‘या बाईंशी वाद घालून माझा घसा बसतो.’ नदीपलीकडे बहिणीकडे चालत जाऊन ती दिवेलागणीच्या आत परत येई. पुढे भाजी मी आणू लागलो. ते कधी सुरू झाले, मला आठवत नाही. ती म्हणे, आज गुडघा धरला आहे, आज ऊन फार आहे, आज पाहुणे येतील. मी तिला घरकोंबडी म्हणत असे आणि तीही हसत असे. गुडघ्याला सूज होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, डॉक्टरांनीही पाहिले आहे. पण सूज आधी आली की बसून राहणे आधी आले?

इकडे आड, तिकडे विहीर असे म्हणतात. मला यांतला आड कोणता आणि विहीर कोणती, हेच कळेनासे झाले आहे. तुझ्या दुकानातली ती बाई खरी आहे. तिचा नवरा बाहेर बसल्यावर तिने खालची ओळ स्वतः वाचली असेल, तर तेही खरे आहे. शिंप्याची बायकोही खरी आहे. एका बाईच्या गुडघ्यामुळे ग्रंथाचा अर्थ पालटत नाही, एवढी अक्कल मला आहे. तरी ‘नाही’ हा शब्द लिहू लागलो की वाटते, मी तो याआधी एकदा घरात उच्चारला होता, आणि त्याचे काय झाले ते पाहिलेच नाही.

म्हणून हे पत्र. शेवटच्या वर्षी तिच्या उशाशी तू होतीस. मी वर्ग घेत होतो. तिने तुला कधी काही सांगितले होते का? ती बाहेर जायची का थांबली, ते तुला ठाऊक असेल तर लिही. नसेल, तर तसे लिही. म्हाताऱ्याला बरे वाटावे म्हणून गुडघ्यावर सारे ढकलू नकोस, आणि तुझ्या मताला सोयीचे नाही म्हणून काही गाळूही नकोस. समिती गुरुवारी बसते. तुझे उत्तर वाचून मी काय लिहीन, हे मला आज सांगता येत नाही. पण ते वाचल्याशिवाय लिहिणार नाही. जावईबापू खांद्यावरून वाचत असतीलच. तुम्हा दोघांवर, आणि हा कागद ज्याच्या ज्याच्या नजरेस पडेल त्या प्रत्येकावर, त्या दयाळूची छाया राहो. ज्यांच्याविषयी आपण बोलतो त्यांना आधी विचारण्याची बुद्धी तो सर्वांना वेळेत देवो.

तुझाच,
अब्बा