तीस युनिटांची अट आणि कुंपणापलीकडचा फ्रिज

मी, महादेवप्पा मलप्पा हत्ते, वय वर्षे ७३, निवृत्त शिक्षक, राहणार लातूर, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, चष्म्याचा नंबर ताजा आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी मल्लम्मा समोर बसून शेंगा फोडत आहे. अधूनमधून ती माझ्याकडे बघते. त्याला दडपण समजू नये.

१. दिनांक १४ जानेवारी २०१९ चे माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात लिहिले होते की माझ्या मागे मल्लम्माने घरात राहावे, मात्र महिन्याला तीस युनिटांपेक्षा जास्त वीज वापरू नये. वापरल्यास घर वाचनालयाला जावे. ही अट मी भर सभेत वाचून दाखवली होती. टाळ्या कडाडल्या. मल्लम्मा तेव्हा घरी भाकरी थापत होती.

२. रद्द करण्याचे कारण सांगणे भाग आहे. चाळीस वर्षे मी उदगीर, निलंगा, नांदेड, जिथे बोलावले तिथे एकच गोष्ट गरजत आलो: आपल्याला लागते थोडे, आपण जाळतो फार. आमच्या घरात दोन दिवे आणि एक पंखा, तोही पाहुण्यांपुरता. टीव्ही नाही, मिक्सर नाही, फ्रिज नाही. माणशी तीन जोड कपडे. लातूरला रेल्वेने पाणी आले त्या वर्षी आमच्या घराला काहीच फरक पडला नाही, असे मी चौदा गावांत सांगितले. फरक पडला नाही, कारण टँकरच्या रांगेत मल्लम्मा उभी होती. हे मात्र एकाही गावात सांगितले नाही.

अकरा वर्षांपूर्वी तिला इन्सुलिन सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, फ्रिज घ्या. मी म्हणालो, माठ आहे. मल्लम्माने "हाव" म्हणून मान डोलावली. तेव्हापासून प्रत्येक भाषणात मी माझ्या माठाचा दाखला देत आलो: त्याच्या गारव्यात औषध टिकते आणि ताक असे गार होते की दात ठणकावेत.

गेल्या महिन्यात शेजारची अंजू नवऱ्याच्या नोकरीमुळे विष्णुपुरीला निघाली. टेम्पोत सामान चढत असताना तिने कुंपणावरून हाक मारली, "काका, काकूंचा फ्रिज तुमच्या स्वयंपाकघरात ठिवायला सांगू का?"

"कोणाचा फ्रिज?"

अंजूने जीभ चावली. मल्लम्माने चावली नाही. "माझा. काळा मसाला विकून घेतलाय, अकरा वर्षं हिच्याच घरात हाय. आता तुम्हीच सांगा. घरात ठिवला तर तुमच्या कागदानं उद्या घर जातंय. न्हाई ठिवला तर सुईचं औषध नासतंय."

"आन् ते ताक?"

"ते बी त्यातलंच. पिऊन पिऊन भाषणं केलाव की."

मी आत जाऊन माठाचे झाकण उघडून पाहिले.

३. म्हणून माझे स्वकष्टार्जित राहते घर, जागेसह, मी मल्लम्माला कोणत्याही अटीवाचून पूर्ण मालकी हक्काने देतो. बँकेतली ठेवही तिचीच. मीटर तिच्या नावावर करावे. किती युनिटे झाली हे तिला विचारण्याचा कोणाला अधिकार नाही. चिरंजीव मल्लिनाथला तर मुळीच नाही. त्याच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये माणसे तीन आणि एसी चार आहेत. त्याला मी माझी सायकल देतो. तिला चार्जिंग लागत नाही.

४. फ्रिज माझा नाही. तो कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. तो चुकून माझ्या मालमत्तेत धरला जाऊ नये, एवढ्यासाठी ही नोंद.

५. माठ माझा आहे. तो मी मेहुणे उमाशंकर यांना देतो. फ्रिज त्यांच्याच दुकानातून गेला होता, आणि तरीही माझ्या सभेत पहिल्या रांगेत बसून माठासाठी सगळ्यांत जोरात टाळ्या तेच वाजवत. माठ त्यांनी दुकानात दर्शनी ठेवावा आणि रोज स्वतःच्या हाताने भरावा.

६. माझे ग्रंथ, कपाटे चार. एकदा मल्लम्माने दुसरी परात मागितली तेव्हा मी गरजेवर तासभर बोललो. ती म्हणाली, "झालं? मग ह्या चार कपाटांची गरज किती, ते बी सांगा." ग्रंथ वाचनालयाला द्यावेत. कपाटे मल्लम्माला, परातींसाठी.

७. आम्हा लिंगायतांत मृतदेह बसवून पुरतात. लाकूड लागत नाही, रॉकेल लागत नाही. काटकसरीवर भाषण न करता माझ्या हातून झालेली ही एकच काटकसर असेल. श्रद्धांजलीला माईक लावू नये. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत विनामाईक जात होता. ज्याचा जात नसेल त्याने बसून घ्यावे.

माईक फक्त पुढील मजकुरासाठी लावावा: "महादेवप्पाच्या माठात इन्सुलिन कधीच नव्हते. ज्यांनी त्याचे ऐकून औषध माठात ठेवले, त्यांनी आजच डॉक्टरांना विचारावे." हे सांगायला मरेपर्यंत थांबणे बरे नव्हे. येत्या रविवारी उदगीरच्या सभेत मी स्वतः सांगणार आहे. हे कलम तिथे माझी जीभ अडखळली तर असावे म्हणून.

८. आपण फार जाळतो, हे माझे मत तसेच आहे आणि त्यासाठी मी अजूनही कोणाशीही भांडेन. फक्त माझ्या साधेपणाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर होते, हे मला टेम्पो दारात लागल्यावर कळले.

हे सर्व मी मल्लम्माला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बराबर हाय. पण घाम टपकायलाय कागदावर, सही फिसकटंल." असे म्हणून ती उठली.

सही: महादेवप्पा मलप्पा हत्ते

साक्षीदार:
१. मन्मथ कोरे, निवृत्त वीज कर्मचारी (आमचे मीटर वीस वर्षे यांनीच वाचले, फ्रिज आल्यापासून दर वेळी ते एकदा माझ्याकडे आणि एकदा कुंपणाकडे का बघत, ते आज समजले)
२. रुद्रेश स्वामी, माजी विद्यार्थी

ठिकाण: लातूर, राहते घर
दिनांक: ९ मे २०२५
पंखा: सुरू, साक्षीदार येण्याच्या आधीपासून