तुझ्या फोडांचं नाव

आई, तुझ्या अंगावरच्या फोडांना नाव होतं. तुला ते कुणी सांगितलं नाही, म्हणून आज मी लिहायला बसले. त्या आजाराला पेम्फिगस म्हणतात. आपल्या कातडीतल्या पेशी एकमेकींना धरून असतात. त्यासाठी त्यांच्या अंगावर डेस्मोग्लिन नावाचं प्रथिन असतं. तुझं शरीर त्या प्रथिनालाच शत्रू समजलं. पेशींची पकड सुटली आणि आधी तोंडात, मग पाठभर फोड आले. तुझ्या हातून काही वाईट घडलं नव्हतं, आणि ते कुणाला लागणारही नव्हतं.

आपल्या शेलार गावात मात्र सगळ्यांनी लागणीचा रोग ठरवून टाकला. तू कापडाच्या कारखान्यात लूमसाठी, म्हणजे मागासाठी, कांड्यांवर सूत भरायचीस. मी सातवीत होते, शाळा सुटली की तिथे यायचे. एका दुपारी पाहते तर बायकांनी तुझा पाट दाराबाहेर ठेवलेला. मला वाटलं, तू आता रडशील. तू पाट उचललास, आत येऊन रोजच्या जागी मांडलास आणि शांतपणे म्हणालीस, "कातडी सुटलीय माझी, हात न्हाय सुटले. सूत द्या इकडं." मग एकीने सूत पुढे केलं. अंथरुणाला खिळेपर्यंत तू त्याच जागेवर बसलीस. आजार ओळखणारा डॉक्टर भेटला, तोवर फार उशीर झाला होता; नाव तुला कळायच्या आत तू गेलीस.

आता मी कातडीची डॉक्टर आहे, अंबाडीत माझा दवाखाना आहे. यंदा मानकोलीच्या एक आजी आल्या. तेच फोड, तोंडात तशाच जखमा. तपासणीचा रिपोर्ट आल्यावर मी त्यांना आणि त्यांच्या मुलाला समोर बसवून सगळं समजावलं. हातमोजे न घालता त्यांचा हात हातात घेतला. आजींनी मुलाकडे पाहिलं. "मंग माझी भांडी येगली कशाला?" गोळ्या सुरू केल्या. परवा त्या आल्या तेव्हा पाठीवर नुसते डाग उरले होते, आणि भांडी एकत्र केल्याचं मुलाने आपणहून सांगितलं. त्या गेल्यावर मला तुझा इतका अभिमान वाटला, की पुढच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिता येते. त्या वर्षी तू करून दिलेला डबा मी रोज शाळेमागे रिकामा करायचे. मलाही भीती वाटत होती.